इंजिनाचा उच्छ्वास

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये एक शब्द फार चालतो, 'बॅक कंप्रेशन'. जुन्या गाडीचं इंजिन चालू ठेवून मिस्त्री ऑइलचं झाकण उघडतो, त्यावर तळहात धरतो आणि मान हलवत म्हणतो, "बॅक मारतंय." मग मालकाचा चेहरा उतरतो, कारण पुढचं वाक्य बहुतेक वेळा "इंजिन उतरवावं लागेल" हेच असतं.

ही 'बॅक' मारणारी हवा येते कुठून आणि जाते कुठे, याचा इतिहास मी गेले काही महिने गोळा करतोय. त्याला कारण आहे आमचा भाचा. त्याने टर्बो पेट्रोल गाडी घेतली, तिचा टर्बो बदलून मोठा लावला, पिस्टन बदलले, आणि आता इंजिनाच्या पोटातल्या वाफेचं काय करायचं असा प्रश्न त्याच्यापुढे उभा आहे. त्याने मला सहज विचारलं, आणि मी (घरच्यांना माझा स्वभाव ठाऊक आहेच) सरळ उत्तर द्यायच्या ऐवजी १९४३ सालापासून सुरुवात केली. फोनवर त्याने ऐकून घेतलं नाही, म्हणून इथे लिहितो. ज्यांना गाड्यांत रस नाही अशा मंडळींनीही वाचायला हरकत नाही. मला तरी ही गोष्ट गाडीपेक्षा माणसांचीच जास्त वाटते.

आधी थोडं इंजिनाच्या पोटात शिरू. सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली फट बुजवायला पिस्टनवर रिंगा असतात. पण रिंग म्हणजे काही अखंड बांगडी नव्हे. तिला एके ठिकाणी चीर असते, कारण तापल्यावर ती फुगते आणि फुगायला जागा लागते. वर स्फोट झाला की जळालेला आणि न जळालेला थोडा वायू त्या चिरेतून आणि कडेकडेने खाली निसटतो. खाली क्रँकशाफ्ट फिरत असतो, त्याच्या खाली ऑइलचं चेंबर. या सगळ्या बंद पेटीला क्रँककेस म्हणतात. निसटलेला वायू या पेटीत येऊन कोंडतो.

चांगल्या, नव्या इंजिनातही हे होतंच. आत आलेल्या हवेच्या साधारण शेकडा एकाच्या आसपास वायू असा खाली जातो असं धरून चला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोब करून बघा. दोन लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत दोन लिटर हवा ओढतं. मिनिटाला सहा हजार फेरे म्हणजे सहा हजार लिटर हवा. त्याचा एक टक्का साठ लिटर. म्हणजे आंघोळीच्या तीन-चार बादल्या भरतील एवढा वायू दर मिनिटाला इंजिनाच्या पोटात घुसतो. त्याला वाट दिली नाही तर तो स्वतःची वाट करून घेतो. सीलमधून, गॅस्केटमधून, कधी ऑइलची पट्टी वर उडवून.

आणि हा वायू साधा नसतो. त्यात न जळालेलं पेट्रोल असतं, आम्लं असतात आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं हे पुष्कळांना खरं वाटत नाही. सायलेन्सरमधून ते वाफ होऊन जातं म्हणून दिसत नाही एवढंच. त्यातलं थोडं पोटात गेलं आणि तिथेच थंड झालं की ऑइलमध्ये मिसळून चिकट काळा गाळ होतो. थोडक्यात काय, इंजिनाला श्वास घ्यायला लागतो तसा उच्छ्वास टाकायलाही लागतो.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांमध्ये याची कुणी फिकीर केली नाही. वायू जिथून फट मिळेल तिथून जाई, बरोबर ऑइलही जाई. गाडीखाली ऑइलचं थारोळं असणं ही नेहमीची गोष्ट होती. मग एक साधी युक्ती आली. क्रँककेसला एक नळी जोडायची, तिचं तोंड गाडीखाली रस्त्याच्या बाजूला सोडायचं. गाडी धावू लागली की नळीच्या तोंडाशी वाऱ्याची ओढ तयार होते आणि आतला वायू ओढला जातो. दुसरीकडून, ऑइलच्या झाकणातल्या जाळीतून, ताजी हवा आत येते. या नळीला 'रोड ड्राफ्ट ट्यूब' म्हणत. ना स्प्रिंग, ना झडप. नुसती नळी.

पुढची तीसेक वर्षं जगभरच्या गाड्या अशाच चालल्या. त्या काळच्या अमेरिकेत रस्त्याच्या प्रत्येक लेनच्या बरोबर मध्यावर एक काळा तेलकट पट्टा पडलेला असे, त्यात या नळ्यांचा वाटा मोठा होता. तेल तरी रस्त्यावर दिसत होतं. वायू मात्र हवेत गेला, म्हणजे गेला. कुठे गेला हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

विचारायची वेळ आली लॉस एंजेलिसमध्ये.

२६ जुलै १९४३. महायुद्ध चालू होतं. त्या दिवशी शहरावर असा धूर पसरला की दोन-तीन गल्ल्यांपलीकडचं दिसेना. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे बसले. जपान्यांनी विषारी वायू सोडला अशी आवई उठली. मग संशय गेला गावातल्याच एका कारखान्यावर, जिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाइन तयार होत होतं. तो काही काळ बंद ठेवून पाहिला. धूर तसाच. पुढे काही वर्षं घराघरातल्या परसात कचरा जाळायच्या भट्ट्या, तेलशुद्धीकरण कारखाने, एकेकावर बोट ठेवून झालं. मोटारीवर कुणी बोट ठेवलं नाही, कारण ती बोट ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या दारात उभी होती.

इथे या गोष्टीत एक भला माणूस येतो. आरी हागेन-स्मिट. जन्म १९०० सालचा, हॉलंडमधल्या उट्रेख्टचा, आणि कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये प्राध्यापक. त्यांचा विषय होता वनस्पतींचे वास आणि स्वाद. पिकलेल्या अननसाचा वास नेमका कशामुळे येतो, हे शोधण्यासाठी ते अननसावरची हवा गोठवून तिच्यातले पदार्थ वेगळे करत. त्यांना विचारण्यात आलं की हीच युक्ती बाहेरच्या हवेवर करून पाहाल का? त्यांनी केली. गावाची हवा गोठवल्यावर भांड्यात काही थेंब घाण वासाचा तपकिरी द्रव उरला. अननसाचा माणूस त्या थेंबांमागे लागला तो कायमचाच.

१९५२ पर्यंत त्यांनी सिद्ध केलं की गाड्यांमधून आणि तेल कारखान्यांमधून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेल्या इंधनाची वाफ, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरणं, पिकं करपणं, रबराला भेगा पडणं, सगळं त्यातूनच. ओझोन मोजायला ते वाकवलेली रबराची पट्टी ठेवत आणि तिला भेगा पडायला किती वेळ लागतो ते बघत. किती सोपं! तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या कामावर जाहीर शंका घेतली. असं म्हणतात की त्या रागानेच त्यांनी अननस सोडला आणि धुराला वाहून घेतलं. कुणाचा राग कशाच्या कामी येईल सांगता येत नाही.

त्याच सुमारास केनेथ हान नावाचे लॉस एंजेलिस काउंटीचे एक लोकप्रतिनिधी मोटार कंपन्यांना पत्रं लिहू लागले. पहिली पत्रं १९५३ ची. फोर्ड कंपनीकडून त्यांना उत्तर आलं, त्याचा सारांश असा की गाडीतून निघणारे वायू वातावरणात लगेच विरून जातात, त्यामुळे प्रदूषणाचा प्रश्न येत नाही. हान थांबले नाहीत. वर्षानुवर्षं लिहीत राहिले आणि पुढे हा सगळा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध केला. 'विरून जातं' हा शब्द मला फार ओळखीचा वाटतो. नदीत टाकलेलं विरून जातं, गच्चीवरून फेकलेलं विरून जातं. आपल्या नजरेपलीकडे गेलं की विरलं.

मग १९५० च्या दशकाच्या शेवटी एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली. सगळ्यांचं लक्ष सायलेन्सरवर होतं. मोजमाप केल्यावर कळलं की गाडीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून जातच नाही. तो जातो गाडीखालच्या त्या बापड्या नळीतून. कारण उघड आहे. पिस्टन वर जाताना जे मिश्रण दाबलं जातं, त्यातलं भिंतीलगतचं, कडेकोपऱ्यातलं मिश्रण न जळताच खाली निसटतं. म्हणजे नळीतून बाहेर पडत होतं ते मुख्यतः कोरं पेट्रोल.

आणि यावर इलाज फार स्वस्त होता. नळी रस्त्यावर सोडायची नाही. तिचं तोंड परत इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला जोडायचं. तिथे निर्वाताची ओढ असतेच. आतला वायू ओढला जाईल आणि पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन जळेल. ही कल्पनाही नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांना अशी बंद व्यवस्था केली होती असं सांगतात, कारण त्यांची नळी पाण्याखाली उघडी ठेवून कसं चालेल? फक्त मध्ये एक छोटी झडप हवी. तिचं नाव 'पीसीव्ही'. आत एक स्प्रिंग आणि एक खुंटी. इंजिन आयडलला असताना मॅनिफोल्डची ओढ जोरदार असते, तेव्हा खुंटी ओढली जाऊन वाट अरुंद होते. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते, वाट मोठी होते. इंजिनाने उलटा फटाका मारलाच तर झडप पूर्ण मिटते आणि ज्वाळा पोटात जात नाही. बोटभर लांबीची वस्तू, पण विचार पक्का.

कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर ती १९६१ च्या मॉडेलपासून बसू लागली. देशभर यायला १९६३ उजाडलं. मधली दोन वर्षं का गेली? १९६९ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने चार मोठ्या मोटार कंपन्या आणि त्यांच्या संघटनेवर खटला भरला. आरोप असा की प्रदूषण रोखणारी साधनं लवकर बाजारात येऊ नयेत म्हणून यांनी आपसांत संगनमत केलं. कॅलिफोर्नियाबाहेर ही झडप लांबणीवर टाकण्याचं ठरवलं, हाही त्यातला एक मुद्दा. खटला त्याच वर्षी तडजोडीने मिटला, कंपन्यांनी दोष कबूल केला नाही. १९६८ च्या मॉडेलपासून मात्र केंद्रीय नियमानेच क्रँककेसमधून बाहेर काही सोडायचं नाही असं झालं होतं. हागेन-स्मिट त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या नव्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. १९७७ मध्ये ते गेले.

इथवर गोष्ट सरळ आहे. प्रश्न आला, उत्तर मिळालं, थोडी टाळाटाळ झाली, पण झालं. आता टर्बो येतो.

योगायोग बघा. कॅलिफोर्नियात झडप आली १९६१ मध्ये, आणि १९६२ मध्ये अमेरिकेतच टर्बो असलेल्या पहिल्या दोन सर्वसामान्य मोटारी विक्रीला आल्या, ओल्ड्समोबिलची जेटफायर आणि शेव्हरलेची कॉर्वेअर मोंझा स्पायडर. म्हणजे एकीकडे मॅनिफोल्डच्या ओढीवर विसंबलेली झडप, आणि दुसरीकडे मॅनिफोल्डमधली ओढ घालवून तिथे दाब भरणारं यंत्र. एकाच्या हातात दोरी, दुसऱ्याच्या हातात पंप. युरोपात पुढे बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो (१९७३), पोर्शेची ९११ टर्बो, आणि १९७७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दाखवलेली साबची ९९ टर्बो आली. रोजच्या वापराची टर्बो गाडी म्हणून साबचं नाव घेतात.

टर्बो गाडीत मग वायूला दोन वाटा द्याव्या लागल्या. शांतपणे चालताना मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, तेव्हा जुनीच वाट. टर्बोने दाब भरला की ती झडप घट्ट मिटली पाहिजे, नाहीतर टर्बोची हवा उलटी क्रँककेसमध्ये घुसेल. त्या वेळी वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या आधीच्या पाइपात जातो, कारण एअर फिल्टरनंतर तिथे थोडीशी ओढ असते. झालं, वाट मिळाली. पण त्या वायूत ऑइलचं धुकं असतं. ते टर्बोच्या पंख्यावर बसतं, इंटरकूलरमध्ये साचतं, आणि मिश्रणात मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन खाली आणतं. भरपूर दाबावर चालणाऱ्या इंजिनात ऑक्टेन घसरला की नॉकिंग, आणि नॉकिंग वाढलं की पिस्टनला भोक. ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे आणखी एक भानगड. इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा होत नाही, त्यामुळे ऑइलचा थर त्यांच्यावर साचून कोळसा होतो. तो काढायला चक्क अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या दाबाने मारतात. (दिवाळीतला अक्रोड खाऊन टरफलं टाकू नका असं मी बहिणीला सांगितलं होतं, तिने फोन ठेवला.)

कंपन्यांनाही हे सोपं गेलं नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या साबच्या काही टर्बो इंजिनांत गाळ साचून इंजिनं गेली, आणि कंपनीला या वायूच्या नळ्यांची रचना पुन्हापुन्हा बदलावी लागली. व्होल्वोच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या लोकांची तर एक सुंदर परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवायचं, ऑइलचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर डॉक्टर घालतात तसला रबरी हातमोजा ओढून बसवायचा. मोजा आत ओढला गेला तर सगळं ठीक. मोजा फुगून पाच बोटं वर करून उभा राहिला, तर आतली वाट तुंबलेली. आपल्या मिस्त्रीचा तळहात आणि त्यांचा मोजा, परीक्षा एकच. फरक इतकाच की आपल्याकडे हात तापला की लगेच रिंगांचा निकाल लागतो, आणि तिथे आधी नळी तपासतात. अनेकदा रिंगा धडधाकट असतात, तुंबलेली असते ती वाट.

आता भाच्याच्या गाडीकडे येऊ. वरचा हिशोब पुन्हा करा. टर्बोने वातावरणाच्या दाबाइतका आणखी एक दाब भरला तर आत जाणारी हवा साधारण दुप्पट. सहा हजारांचे बारा हजार लिटर. निसटणारा वायूही त्याच प्रमाणात, साठाचे एकशेवीस लिटर. पण एवढ्यावर भागत नाही. जास्त ताकदीसाठी जे घडीव पिस्टन बसवतात ते तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून थंड असताना त्यांच्याभोवती फट जास्त ठेवावी लागते. रिंगेची चीरही मुद्दाम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मोठी ठेवतात, नाहीतर जास्त उष्णतेत तिची टोकं एकमेकांवर आदळून पिस्टन तुटेल. म्हणजे इंजिन बांधणारा माणूस जाणूनबुजून गळतीला परवानगी देतो. आणि वाट मात्र कंपनीने दिलेली, बोटाएवढ्या नळीची, मूळ इंजिनाच्या बेताने केलेली.

ती वाट अपुरी पडली की पहिला बळी टर्बोचा जातो, आणि तोही फसवा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगला ऑइल पंपाने येतं, पण परत खाली चेंबरमध्ये जाताना ते नुसतं वजनाने ओघळतं. चेंबरमध्ये दाब असेल तर ओघळणार कसं? ते टर्बोतच साठतं, दोन्ही टोकांच्या सीलमधून बाहेर येतं, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. लोक म्हणतात टर्बो गेला. नवा टर्बो बसवतात, महिन्याभरात तोही 'जातो'. खरं दुखणं खाली पोटात.

म्हणून अशा गाड्यांत 'कॅच कॅन' लावतात. टॅपेट कव्हरपासून जाड नळ्या काढायच्या (आतून सोळा मिलिमीटरच्या आसपास), त्या एका डब्यात न्यायच्या. डब्यात आडव्या पट्ट्या किंवा तारेची जाळी. वायू वळणं घेत जातो, ऑइलचे थेंब जाळीला चिकटून खाली साचतात. आत काहीच नसलेला रिकामा डबा फारसा उपयोगाचा नाही, कारण धुकं तसंच आरपार निघून जातं. थंडीत डब्यात ऑइलपेक्षा पाणीच जास्त सापडतं, ताकासारखं पांढुरकं. ते पुन्हा इंजिनात ओतायचं नाही, वेळच्या वेळी काढून टाकायचं. मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या नळीत एक चांगली एकमार्गी झडप हवी, जी दाब आला की खरंच मिटेल.

यंत्राचं काम इथे संपतं आणि खरा प्रश्न सुरू होतो. डब्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचं काय करायचं? दोन पंथ आहेत. पहिला पंथ तो परत टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडतो. दुसरा पंथ डब्यावर एक छोटा फिल्टर बसवून तो सरळ हवेत सोडतो. दुसऱ्या पंथाचे मुद्दे खोटे नाहीत. इंजिनात ऑइलचा थेंब जात नाही, नॉकिंगची भीती कमी, नळ्या कमी, रचना सोपी. पण त्यांच्या डब्यावरचा चकचकीत ॲल्युमिनियम बाजूला केला की उरतं काय? रोड ड्राफ्ट ट्यूब. १९५० सालची नळी, फक्त तोंड खालच्या ऐवजी बॉनेटखाली. आणि झडप काढून टाकल्यावर आयडलला ओढ राहत नाही, त्यामुळे गावात हळू चालवताना पाणी आणि आम्लं पोटातच राहतात, ऑइल लवकर खराब होतं. म्हणजे नुकसान फक्त शेजाऱ्याचं नाही.

शर्यतींच्या जगात हाच वाद वेगळ्याच वळणाने गेला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत जुन्या काळापासून हवेत वायू सोडणाऱ्या गाड्यांना डबा सक्तीचा आहे, दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला दोन लिटरचा आणि त्याहून मोठ्याला तीन लिटरचा, कारण ट्रॅकवर ऑइल सांडलं तर मागचा घसरून मरेल. आणि फॉर्म्युला वनमध्ये तर गंमतच झाली. २०१४ पासून तिथे छोटी टर्बो इंजिनं आली आणि पेट्रोल ताशी शंभर किलोच्या वर जाळायचं नाही असं बंधन आलं. मग संघांवर संशय आला की ते इंधनाची कमतरता ऑइल जाळून भरून काढतायत, आणि ऑइलची वाफ इंजिनात न्यायचा सोपा मार्ग म्हणजे हाच उच्छ्वास. ऑइल किती जाळायचं यावर मर्यादा आल्या, २०१८ मध्ये शंभर किलोमीटरला ०.६ लिटर, २०२० मध्ये ०.३. शिवाय हा वायू परत इंजिनात न्यायचाच नाही, मागच्या बाजूने बाहेर सोडायचा असाच नियम झाला. रस्त्यावरच्या गाडीला कायदा सांगतो आत घे, शर्यतीच्या गाडीला सांगतो बाहेर टाक. दोन्हीकडे कारण एकच. माणूस संधी मिळेल तिथे त्या नळीचा फायदा घेतो.

भाच्याचं म्हणणं असं होतं की, "मामा, एका गाडीने असा काय फरक पडतो?" खरंय, एका गाडीने पडत नाही. पण १९५३ च्या उत्तरातही नेमकं हेच होतं, फक्त कंपनीच्या कागदावर. एकेक गाडी विरून जाते, म्हणून तर गाव काळं होईपर्यंत कुणाला कळलं नाही. आपल्याकडेही पेट्रोल गाडीला विक्रीची मान्यता मिळताना क्रँककेसमधून बाहेर काही सोडत नाही ना हे तपासलं जातं, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम आडवं येतं. पण कायद्याचं भय घालून तो ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. त्याला मी दुसरीच गोष्ट सांगितली. ती गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा बॉनेटखालचा वायू काचेपाशी असलेल्या जाळीतून एसीच्या पंख्यात जातो आणि तिथून आत. मागच्या सीटवर त्याची आई बसलेली असते, माझी बहीण. "गाडीत कसला गं वास येतो, डोकं दुखतं," असं ती मला दोनदा म्हणाली आहे. तेव्हा तो वायू विरून कुठे जातो याचं एक उत्तर तरी आपल्या घरात आहे.

तर माझं मत, मागितलं आहे म्हणून. चांगला जाळीवाला डबा, जाड नळ्या, दोन्ही बाजूंना एकमार्गी झडपा, शांतपणे चालताना मॅनिफोल्डकडे आणि दाबावर असताना टर्बोच्या आधी. डबा दर ऑइल बदलीच्या आत दोनदा तरी रिकामा करायचा, आणि त्यातलं ताक गटारात न ओतता जुन्या ऑइलबरोबर गॅरेजला द्यायचं. थोडी ताकद कमी मिळेल, थोडे पैसे जास्त जातील. आणि टर्बोला दोष देण्याआधी एकदा हातमोजा लावून बघायचा. मोजे मी कुरिअरने पाठवले आहेत, शंभराचं खोकं आहे. उरलेले बहिणीला मिरच्या चिरायला होतील.